गच्चीला लावलेला गूळ

मी एकदा आमच्या इमारतीच्या गच्चीला पाच किलो गूळ लावला होता. पूर्ण शुद्धीत होतो. सुशिक्षितही होतो. कचेरीत कारकून होतो, म्हणजे कागदावर जे लिहिलंय ते वाचायचं, एवढंच माझं काम होतं. आणि नेमकं तेवढंच मी त्या दिवशी केलं नाही.

हल्ली पेपरात येतं ना, की गच्च्यांना पांढरा रंग द्या, ऊन आल्या वाटेनं परत जातं, घरं गार राहतात, आणि सगळ्यांनीच दिला तर शहराचा नि पृथ्वीचाही ताप थोडा उतरेल. माझी नात मला ते मोठ्यानं वाचून दाखवते. "आजोबा, काय भारी आयडिया आहे ना!" मी म्हणतो, "जुनी आहे." की लगेच आतल्या खोलीतून बायको ओरडते, "तिला गूळ सांगा, गूळ!" पन्नासेक वर्षं झाली, पण आमच्या घरात गूळ हा शब्द माझ्याकडे बघितल्याशिवाय कुणी उच्चारत नाही.

तर हे सत्तर सालानंतरचं मुलुंड. आम्ही मोघे रोझामावशींच्या दुमजली इमारतीत भाड्यानं राहायचो. मावशी इथल्याच, मूळच्या गावठाणातल्या. त्यांच्या सासऱ्यांनी जिथे भात पिकवला, तिथे मावशींनी भाडेकरू लावले. (कुठलं पीक जास्त त्रासाचं, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मोठं मन!) खालच्या मजल्यावर त्या, त्यांच्या सात कोंबड्या आणि कांबळ्यांचं कुटुंब. वरच्या मजल्यावर आमची एक खोली नि शेजारी आणखी दोन बिऱ्हाडं. आमच्या डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब.

एप्रिल लागला की तो स्लॅब असा तापायचा की विचारू नका. पंखा लावला की वरची गरम हवा खाली यायची, आणि बंद केला की खालची खालीच राहायची. भिंतीला पाठ टेकली तर बनियनला इस्त्री व्हायची. आम्ही दोघं धडधाकट होतो, कसंही काढलं असतं. पण त्या वर्षी घरात मंजू होती. पाच महिन्यांची. मानेपासून पावलापर्यंत घामोळं. दिवसभर किरकिर, झोप नाही, दूध नीट पीत नाही. डॉक्टर म्हणाले, "औषध कसलं देऊ? गार जागेत ठेवा."

"नाशिकला गार असतं," कुसुम म्हणाली. नाशिक म्हणजे बायकोचं माहेर.

"इथेही होईल की गार."

"कधी?"

"जूनमध्ये."

कुसुमनं त्याच दुपारी माहेरी पत्र टाकलं. आठ दिवसांत उत्तर! तिचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, येत्या रविवारी दोघींना न्यायला येणार. पाऊस पडेपर्यंत मुक्काम तिकडेच.

मला त्यांना पाठवायचं नव्हतं. खोटं कशाला सांगू? मंजू नुकतीच हसायला शिकली होती, आणि फक्त माझ्याकडे बघून हसायची. (कुसुमचं म्हणणं, तो गॅस होता. मत्सर, दुसरं काय!) संध्याकाळी कचेरीतून येऊन पाळण्यात डोकावलं की ते बोळकं उघडायचं, आणि दिवसभर साहेबानं जे काही ऐकवलं असेल ते सगळं मी विसरून जायचो. दोन महिने ती गेली असती तर परत आल्यावर मला बघून भोकाड पसरलं असतं तिनं. पण घामोळ्यानं तळमळणाऱ्या पोरीला "माझ्यासाठी थांब" असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

"रविवारपर्यंत खोली गार केली तर राहशील?" मी विचारलं.

"केलीत तर राहीन," कुसुम म्हणाली. ती हे इतक्या सहज म्हणाली, की तिला माझ्याविषयी किती खात्री आहे ते लक्षात आलं.

मी खाली कांबळ्याकडे गेलो. भास्कर कांबळे माझ्याच वयाचा, मूळचा साताऱ्याकडचा, एका कारखान्यात फोरमन. इमारतीत कुणाचाही फ्यूज, नळ, घड्याळ, स्टोव्ह बिघडला की कांबळे. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि अंगणात डब्याची दोन झाकणं उन्हात ठेवली. एक काजळीनं काळं केलेलं, एक चुना लावलेलं. अर्ध्या तासानं म्हणाला, "आता काळ्याला हात लाव."

मी लावला. आख्खा पंजा!

"आई गं!"

"बोट लावायचं रे, बोट! आता पांढऱ्याला लाव."

"नको!"

"अरे लाव. मी सांगतो ना!"

लावला. कोमट होतं, बस्स! "ऊन दोघांना सारखंच," कांबळे म्हणाला. "काळं ते पोटात घेतं, पांढरं परत पाठवतं. आमच्या शेडच्या पत्र्याला दर उन्हाळ्यात चुना मारतो आम्ही. खाली काम करणारी माणसं दुवा देतात. तुझ्या गच्चीला मार."

मला ती कल्पना फार आवडली. आलेलं परत पाठवायचं! आमच्या कचेरीत आम्ही वर्षानुवर्षं हेच करत होतो, पण त्यानं कुणाला गार वाटल्याचं ऐकलं नव्हतं. कांबळ्यानं एका चिठ्ठीवर कृती लिहून दिली. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, फडक्यानं गाळायचा, मूठभर मीठ, थोडा सरस घालायचा म्हणजे चुना धरून राहतो. पातळ दोन हात. भर उन्हात लावायचा नाही.

आता गच्ची हवी. पण एप्रिलमधली गच्ची म्हणजे काय ते बायकांना विचारा! अर्ध्या भागात शेजारणींच्या कुरडया, पापड, सांडगे, आणि उरलेल्या अर्ध्या भागात रोझामावशींच्या, वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायच्या बाटली मसाल्याच्या मिरच्या. लालभडक. त्यांच्या बाजूनं नुसतं चाललं तरी तीन शिंका हमखास.

"मावशी, गच्चीला चुना लावतो. मंजूसाठी."

"पोरीसाठी काय पण लाव बाबा," मावशी म्हणाल्या. "गुरुवारी मिरच्या उचलते, बायकांना पण वाळवण उचलायला सांगते. शुक्रवारी संध्याकाळी परत वर टाकणार. नि मला विचार काही अडलं तर. आमचा गावठाणातला क्रूस दरसाल सणाआधी मीच चुन्यानं रंगवते."

विचार म्हणे! माझ्याकडे चिठ्ठी होती, रजा होती आणि नवा कोरा कुंचा होता. मी कशाला विचारतोय?

पहिली अडचण दुकानात आली. सरस नव्हता. "सोमवारी येईल," दुकानदार म्हणाला. सोमवारी! रविवारी दादा येणार! कांबळे पाळीवर गेलेला. आणि तेवढ्यात माझं लक्ष शेजारच्या ढेपेवर गेलं, आणि माझ्या अंगात महाराष्ट्राचा इतिहास संचारला. अरे, आपले किल्ले कशानं उभे राहिले? चुन्यात गूळ घालून! शाळेच्या सहलीत गुरुजींनी सांगितलं होतं, तटाला हात लावून सांगितलं होतं! तोफा झेलल्या त्या भिंतींनी, आणि मी दुकानदाराकडे सरस मागतोय? चिठ्ठीत 'थोडा' लिहिलं होतं. मी पाच किलो घेतला. थोडं-थोडं हे आत्मविश्वास नसलेल्या माणसांसाठी असतं.

पुढे काय झालं ते वासानं सांगितलं. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो. रात्रभर थांबायला वेळ कुणाला होता? गुरुवारी सकाळीच त्या खदखदणाऱ्या पिंपात मी गूळ लोटला, आणि सगळ्या इमारतीत पुरण शिजल्याचा घमघमाट सुटला. शेजारच्या काकू पदराला हात पुसत दारात आल्या.

"कुसुम, आज काय गं? पोळ्या?"

"नाही हो काकू. हे गच्ची रंगवतायत."

"गच्ची?" काकू वर बघत राहिल्या. "मग ताट घेऊन वर यायचं का?"

चुना जरा पिवळसर दिसत होता खरा. मी मनाशी म्हटलं, बरंच आहे, फार पांढरा असता तर डोळ्यांना त्रास. पातळ दोन हातांऐवजी मी जाड चार हात मारले. संध्याकाळी कंबर धरून खाली आलो तेव्हा केस, मिशा, चष्मा, सगळं पांढरं झालं होतं. मंजूनं मला बघितलं आणि ती हसली नाही. ओळखलंच नाही!

पण शुक्रवार! काय सांगू तुम्हाला शुक्रवारची दुपार! मी आणखी एक रजा टाकली होती, निकाल डोळ्यांनी बघायला. बारा वाजले, एक वाजला, आणि खोली तापेना. पंख्याचा वारा चक्क वाऱ्यासारखा लागत होता. स्टुलावर चढून छताला हात लावला (या वेळी बोट), तर जेमतेम कोमट. मंजू दीड वाजता झोपली ती उठेचना. तीन तास! आई होऊन पाच महिन्यांत कुसुम पहिल्यांदा दुपारची आडवी झाली. उठून माझ्याकडे बघून म्हणाली, "केलंत हो तुम्ही!" आणि लगेच दादाला पत्र लिहायला बसली, की येऊ नकोस, इथेच गार आहे. पत्र पोचणार नव्हतंच रविवारच्या आत, पण ते लिहिणं महत्त्वाचं होतं. मी त्या तोऱ्यात गॅलरीत उभा राहून काकूंना उष्णतेविषयी माहिती देत होतो. आत कुसुम मंजूला मांडीवर घेऊन दूध पाजत होती. तिचा आवाज आला.

"अहो, पाळण्याच्या दोरीवर हे काय आहे?"

दोरी काळी झाली होती. आणि दोरी हलत होती!

छताच्या हुकाशेजारच्या भेगेतून मुंग्यांची ये-जा चालली होती. एक रांग दोरीवरून पाळण्यात. दुसरी खिडकीतून आत. तिसरी जिन्यानं, चौथी पाण्याच्या नळावरून, आणि सगळ्या आमच्या खोलीच्या वाटेनं गच्चीकडे! त्या परिसरातल्या मुंग्यांनी एकमेकींना सांगितलं असणार, की मोघ्यांच्या गच्चीवर जेवण आहे, सहकुटुंब या. मंजू मांडीवर होती म्हणून निभावलं. तरी एक तिच्या घोट्याला चावलीच. एवढासा लाल ठिपका आला आणि ती किंचाळली. मी ती मुंगी चिमटीत धरून चिरडली.

आरडाओरडा ऐकून रोझामावशी वर आल्या. "काय झालं रे?" त्यांनी दोरी बघितली, मला बघितलं, गच्चीवर जाऊन आल्या. "हळद टाक, रॉकेल पूस" असं काही म्हणतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "माझ्या कोंबड्या सोडते वर. मुंग्या खातील."

हा उपाय ऐकायला बरा वाटतो. सात कोंबड्या गच्चीवर गेल्या. दहा मिनिटं त्यांनी इमानदारीनं काम केलं. पण उन्हानं तो गूळ-चुना पाघळून चिकट झाला होता. कोंबड्यांचे पाय रुतायला लागले, त्या बिथरल्या, आणि पांढरे पाय घेऊन सातही जणी फडफडत जिन्यानं खाली धावल्या. जिन्याच्या तोंडाशी पहिलं दार आमचं. उघडं! मग काय, गादीवर पांढरे पाय, कपाटावर पांढरे पाय, दादाला लिहिलेल्या पत्रावर पांढरे पाय. एक जाडी तांबडी कोंबडी सरळ उडाली आणि पाळण्यात जाऊन बसली. पाळणा हलायला लागला. कोंबडीनं डोळे मिटले. आणि मंजू कुसुमच्या कडेवरून त्या झुलणाऱ्या कोंबडीकडे बघून खदखदून हसली. तिचं पहिलं मोठं हसू! मला नाही मिळालं. कोंबडीला मिळालं.

मी आणि मावशी कोंबड्या गोळा करत असताना कांबळे पाळीवरून आला. तो सरळ गच्चीवर गेला, मागोमाग मी. बोट फिरवलं. बोट चाटलं.

"मोघे, हे गोड आहे."

"हो."

"का?"

"किल्ले बांधताना..."

"अरे किल्ल्यात तो भिंतीच्या पोटात असतो, दगडांच्या मधे! वरून कोण सारवत होतं का? आणि तुला कुठला किल्ला लढवायचाय? एक पाळणा सांभाळायचाय!"

 खाली आलो तर कुसुमनं पेटी काढली होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे दुपटी घडी घालत होती. "तुमच्यावर राग नाही," ती म्हणाली. "पण रविवारी जाते मी. लेकरू चावून काढलं असतं हो मुंग्यांनी." आणि मी, तीस वर्षांचा घोडा, पेटीशेजारी खाली बसून रडलो. सगळ्यांसमोर. दारात काकू, कांबळे, रोझामावशी, त्यांच्या काखेत ती तांबडी कोंबडी. मला लाज वाटायला हवी होती, पण तेवढी ताकदच नव्हती.

 मग रोझामावशींनी कोंबडी या काखेतून त्या काखेत घेतली. "उद्या शनिवार आहे," त्या म्हणाल्या. "दादा येतोय रविवारी. एक आख्खा दिवस आहे की! रडतोस काय?"

"मावशी, चुना संपला. भिजवायला रात्र लागते. आणि धुवायला पाणी कुठलं?"

"माझ्याकडे चुना आहे. महिना झाला मुरतोय, लोण्यासारखा. क्रुसासाठी ठेवलेला."

"तो कसा घेऊ? तुमचा सण आलाय."

"घे रे! क्रूस थांबेल. क्रुसाला घामोळं येत नाही."

त्या बाईचं हे वाक्य मी आजन्म विसरणार नाही.

शनिवारी मी तिसरी रजा टाकली. पहाटे नळ आला. सकाळचं एक तास पाणी, त्यात दिवस काढायचा, असे ते दिवस. त्या पाण्यातल्या दोन-दोन बादल्या प्रत्येक घरानं आमच्या नावानं बाजूला काढल्या. काकूंनी तर धुणं तुंबवलं, पण बादल्या दिल्या. कांबळ्यानं त्याच्या कारखान्यातल्या रंगाऱ्याकडून सरस मागून आणला, स्वतः कढवला. बायकांनी खराटे घेतले, आम्ही खरवडण्या घेतल्या, आणि गुळाची गच्ची घासायला लागलो. घासताना सगळ्यांनी मला मनसोक्त बोलून घेतलं. "मोघेसाहेब, पुढच्या वर्षी तीळ पण घाला!" "मोघे, तळमजल्याला खोबरं लावूया का?" मी मान खाली घालून घासत होतो. इतकं प्रेमानं बोललेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. दुपारपर्यंत स्लॅब कोरा झाला. उन्हं कलल्यावर पहिला हात, मग दुसरा. पातळ! कांबळ्यानं चिठ्ठी माझ्याकडून परत घेतली होती, आणि कुंचाही. मला फक्त पिंप ढवळायला ठेवलं होतं. मावशी शेजारी उभ्या राहून मी पिंपात काही टाकत तर नाही ना, ते बघत होत्या.

रविवारी बारा वाजता दादा आला. भरदार माणूस. स्टेशनपासून चालत आलेला, सदरा भिजून अंगाला चिकटलेला, बोलायला दम नाही. "पेटी... भरली का... कुसुम?" एवढंच बोलला आणि चटईवर टेकला. जेवला. "पाच मिनिटं पडतो," म्हणाला.

दारात सगळी इमारत श्वास रोखून उभी. मी हुकाकडे बघत होतो. एकही मुंगी नाही. मंजू पाळण्यात मूठ तोंडात घालून झोपलेली. एक वाजला, दोन वाजले, तीन. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरत नव्हतं. आत दादा घोरत होता.

पाच वाजता तो उठला. छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, मंजूच्या मानेला हात लावला. "भाऊजी," म्हणाला, "आमच्या नाशिकच्या माडीवर दुपारी एवढं गार नसतं. हिला कशाला नेऊ मी तिकडे?"

 कुसुमनं पेटीतली दुपटी काढून परत दांडीवर टाकायला सुरुवात केली. मी वळून जिन्यात गेलो आणि कांबळ्याला मिठी मारली. त्याच्या सदऱ्याला चुना लागला. मावशींना मिठी मारायचं धाडस नव्हतं, पाया पडलो. "ऊठ रे, ऊठ," त्या म्हणाल्या. "मिरच्या वर न्यायला हात लाव." मी मिरच्यांची सगळी पोती एकट्यानं वर नेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, शिंका येत होत्या, आणि मी इतका खूश आयुष्यात फार वेळा झालेलो नाही.

मंजूचं घामोळं आठवड्याभरात उतरलं. पण गार खोलीची बातमी लपते होय? सोमवारी काकू "जरा टेकते" म्हणून आल्या. मंगळवारी कांबळ्याची आई आली, तिला खालच्या मजल्यावर उकडत नव्हतं, पण एकटीला करमत नव्हतं. बुधवारी तिसऱ्या बिऱ्हाडातल्या सासू-सुना आल्या, आणि त्यांच्या मागोमाग रोझामावशी जपमाळ घेऊन. शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी आटपून मी घरी आलो, तर माझ्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत बायका झोपलेल्या. पाय ठेवायला जागा नाही. पाळण्यातून मंजूनं मला बघितलं, बोळकं उघडलं आणि खुदकन हसली. मी पण हसलो, जरा मोठ्यानं.

"श्श!" कुसुम कुजबुजली. "सगळ्या उठतील ना! बाहेर बसा."

आख्खा मे महिना मी शनिवार-रविवारच्या दुपारी जिन्यात बसून काढला, घाम पुसत, वर्तमानपत्रानं वारा घेत. म्हणतात, त्या उन्हाळ्यात साऱ्या मुलुंडात आमच्या खोलीइतकी गार खोली दुसरी नव्हती. असेलही! मी फक्त ऐकलंय.